उसण म्हणून सोडून दिलेला मणका

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी रोज येत नाही. पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर आहे, तरी कित्येक वसाहतींत काही दिवसांच्या अंतराने नळ वाहतो, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. पाण्याच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या हाती बादली असते. अशा वेळी वाकताना पंचविशीतल्या मुलीच्या पाठीत कळ आली, तर घरचं निदान ठरलेलं असतं: उसण भरली. मग बाम, शेक, आणि जुनी माणसं असतील तर एखाद्या पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेणं. बहुतेकदा ती उसणच असते आणि आठवडाभरात जाते. पण मोजक्या जणांच्या पाठीत तेव्हा मणका चेपलेला असतो. पडणं नाही, मार नाही, नुसतं वाकणं. त्या पाठीवर कुणी पाय दिला, तर चेपलेला मणका आणखी चेपू शकतो.

या वयात मणका चेपतो कसा, हे कळायला हाड कसं चालतं ते पाहावं लागतं. हाडाची दुरुस्ती आयुष्यभर चालू असते. पेशींची एक टोळी जुनं हाड खणते, दुसरी त्या खड्ड्यात नवं भरते. जलवाहिनीसाठी उखडलेला रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला पुढचं सांगावं लागणार नाही. खणायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने किंवा अधिक लागतात. दर वर्षी सांगाड्याचा साधारण दहावा भाग असा नवा होतो. वाढीच्या वयात भरणारी टोळी पुढे असते. पंचविशी ते तिशीच्या दरम्यान हाड सर्वांत भरलेलं असतं. तरुणपणीच हाडं ठिसूळ झाली, तर एक तर ती मुळात पुरेशी भरलीच नाहीत, किंवा कुणीतरी खणणाऱ्यांची संख्या वाढवली, किंवा भरणाऱ्यांना घरी पाठवलं. म्हाताऱ्या माणसात वय हेच कारण म्हणून पुढे जाता येतं. तरुणात तसं करता येत नाही. इथे ‘कॅल्शियम कमी आहे’ एवढ्यावर थांबणारं उत्तर अपुरं असतं, आणि असं उत्तर ऐकून वर्षं घालवलेल्या माणसांसाठीच हा लेख आहे.

पहिला टप्पा तपासणीचा. दुखऱ्या जागेचा साधा एक्स-रे चेपलेला मणका दाखवतो. त्यानंतर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन. पाठीवर उताणं झोपायचं, वरून यंत्राचा हात सरकतो, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. कंबरेचे मणके आणि खुबा अशा दोन जागा मोजतात. शहरात मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून हाडं तपासतात, ती वेगळी, ध्वनिलहरींची चाचणी. तिच्यावरून तरुण माणसाला ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे ठिसूळ हाडांच्या आजाराचं, लेबल लावणं चूक आहे, आणि ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त होणंही.

रिपोर्टवर दोन आकडे असतात. टी-स्कोअर निरोगी तरुणांशी तुलना करतो. उणे अडीच ही ऑस्टिओपोरोसिस ठरवणारी १९९४ ची जागतिक आरोग्य संघटनेची रेषा याच आकड्यावर बेतलेली आहे, तीही पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी. पाळी चालू असलेल्या बाईसाठी आणि पन्नाशीच्या आतल्या पुरुषासाठी पाहायचा तो झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी तुलना. तो उणे दोन किंवा त्याखाली गेला, तर ‘वयाच्या मानाने कमी’ असं लिहितात. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, गणिताच्या नियमानेच शंभरातल्या दोघा-तिघांचा झेड-स्कोअर उणे दोनच्या खाली येतो. ती सगळी माणसं आजारी नसतात. दुसरी आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. डेक्सा हाडाची घनता सावलीसारखी, क्षेत्रफळावर मोजतं. बारीक चणीच्या, बुटक्या माणसाचं हाड लहान असल्यामुळेच आकडा खाली दिसतो. म्हणून नुसत्या आकड्यावर औषध सुरू होऊ नये. आकडा खाली आणि किरकोळ कारणाने मोडलेलं हाड, हे दोन्ही एकत्र आले की मात्र टाळाटाळ करायची नाही.

आता कारणाचा शोध. वेळ, पैसा, डॉक्टरांशी बोलणं, जे काही खर्च करायचं ते मी तरी इथे करीन. सर्वांत नेहमीचा गुन्हेगार स्टेरॉइड. दमा, ल्युपस, संधिवात, मूत्रपिंडाचा आजार यांत ते जीव वाचवतं, पण तीन महिन्यांच्या वर गोळी चालली की हाड भरणाऱ्या पेशी थकतात. ते मनाने बंद करणं घातक, कारण शरीर त्यावर अवलंबून राहिलेलं असतं. हाडांचं औषध सोबत सुरू करायचं असतं. सांधेदुखीवर गुण देणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून ती पुडीही डॉक्टरांना दाखवावी.

दुसरं कारण पाळी. भल्या पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुली आपण रोज पाहतो. धावणं वाढतं, खाणं तेवढंच राहतं, वजन घटतं आणि पाळी थांबते. कित्येकींना ती कटकट गेल्यासारखी वाटते. पण पाळी थांबली म्हणजे इस्ट्रोजेन घसरलं, आणि खणणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटला. नडगी महिनोन् महिने दुखत राहणं ही त्याची पहिली खूण असू शकते. मुलांमध्ये हेच काम टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याने होतं.

तिसरं आतड्यात दडलेलं: सीलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसणं. पोटाची तक्रार नसतानाही कॅल्शियम आत शोषलं जात नाही. रक्ताच्या एका चाचणीने संशय पक्का होतो; मात्र चाचणी होईपर्यंत पोळी बंद करू नये, नाहीतर ती खोटीच नकारार्थी येऊ शकते. निदान झालं, तर मराठवाड्याच्या माणसाला ज्वारी-बाजरीची भाकरी हातचीच आहे. याशिवाय थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड, फिट्सच्या काही गोळ्या, थॅलेसेमिया हेही पाहतात. लहानपणापासून हाडं मोडत आली असतील, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असेल, तर जन्मजात अस्थिभंगुरतेचा सौम्य प्रकार असू शकतो.

बाळंतिणीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. दुधावाटे रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम बाळाकडे जातं आणि त्यातलं बरंचसं आईच्या हाडांतून येतं. दूध तोडल्यावर ते सहसा भरूनही निघतं. पण क्वचित एखादीचे मणके शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणानंतर लगेच चेपतात. घरात डिंकाचे लाडू आणि शेक-शेगडी चालू असते, आणि ‘बाळंतपणात कंबर दुखतेच’ म्हणून तिचं रडणं कुणी मनावर घेत नाही. जिला कुशीवर वळता येत नाही, तिचा एक्स-रे झालाच पाहिजे.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आधी तपासून भरून काढतात. तिच्यामुळे हाड मऊ पडतं, डेक्सावर ते ठिसूळ हाडासारखंच दिसतं, आणि ती तशीच ठेवून हाडांचं शिरेतून द्यायचं औषध (ते पुढे येतं) दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक घसरू शकतं. मात्र ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याची असते. रोज घेणारी माणसं आहेत, आणि ती विषबाधेच्या वाटेवर असतात. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास हवं: पेलाभर दुधात अडीचशेच्या घरात, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. तिळाची चटणी रोज ताटात असू द्यावी.

औषधांचे दोन स्वभाव आहेत. आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी आणि वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड खणणाऱ्यांना आवरतात. गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजू शकते. सलाईननंतर पहिल्या खेपेला ताप-अंगदुखी येऊ शकते, घाबरू नये. ही औषधं हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतात, म्हणून पुढे मूल हवं असणाऱ्या मुलीने ते डॉक्टरांना आधीच सांगावं. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. ते मध्येच सोडलं तर हाड झपाट्याने खणलं जातं आणि एकदम अनेक मणके चेपल्याची उदाहरणं आहेत. टेरिपॅराटाइडचा स्वभाव उलटा, ते भरणाऱ्या टोळीला कामाला लावतं. रोज स्वतःच्या पोटाला किंवा मांडीला पेनने टोचायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत, आणि पेन फ्रिजमध्ये ठेवायचं. ते संपल्यावर दुसरं औषध लावलं नाही, तर कमावलेलं हाड हळूहळू निघून जातं.

राहिलं रोजचं जगणं. पंधरा लिटरची भरलेली बादली शरीरापासून ४० सेंटिमीटर लांब धरली आहे. पाठ सावरणारा स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटर मागे असतो, म्हणजे त्याला आठपट जोर लावावा लागतो: १२० किलो. ते सगळं मणक्यावर येतं, शिवाय धडाचं वजन. तीच बादली पोटाशी, २० सेंटिमीटरवर धरली की १२० चे ६० होतात. दुखणं वाकण्यातच आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने एक छोटा अभ्यास छापला होता. पाळी गेलेल्या ५९ बायका, सगळ्यांची हाडं ठिसूळ. पाठ मागे ताणणारे व्यायाम करणाऱ्यांपैकी १६ टक्के जणींचे मणके पुन्हा चेपले. पुढे वाकणारे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के. म्हणून पश्चिमोत्तानासन, हलासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन बंद. फरशी पुसायला लांब दांड्याचा मॉप, भांडी ओट्यावर, जेवण टेबलावर, शौचाला कमोड. एसटीत मागची सीट घेऊ नये. गतिरोधकावर तिथेच सर्वांत मोठा दणका बसतो.

पण अंथरुणही धरायचं नाही. भार नसला की हाड विरघळतं. अंतराळात महिन्याला एक ते दीड टक्का खुब्याचं हाड जातं. चालणं, जिना, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पाठ ताणण्याचे व्यायाम हवेतच. मित्रांसोबत दौलताबादचा किल्ला चढायला हरकत नाही, फक्त तिथल्या अंधारी या काळोख्या भुयारातल्या पायऱ्या आणि निसरडा पावसाळा टाळावा.

सर्वांत जड जातं ते लोकांना समजावणं. प्लास्टर नाही, काठी नाही, चेहरा टवटवीत. मग बादली का उचलत नाही, बसमध्ये जागा का मागते, असं बघणाऱ्याला वाटतं. त्या नजरेला घाबरून कितीतरी जणी आपलं दुखणं लपवून वजन उचलतात. घरच्यांनी एवढं करावं: नळापासून ड्रमपर्यंत लांब पाइप, ड्रमला खालून तोटी, भरायला पाच लिटरचे कॅन, आणि मोठी बादली दुसऱ्या कुणाच्या तरी हाती. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची खूण करून तारीख लिहावी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा उभं राहावं. खूण दोन सेंटिमीटरनी खाली आली, तर पाठ दुखत नसली तरी त्याच आठवड्यात एक्स-रे काढून घ्यावा.