तांब्याच्या घागरीवरचे ठोके नुसते शोभेसाठी नसतात! मग कशासाठी असतात?

मंडळी, आजीच्या तांब्याच्या घागरीवर किंवा बंबावर कधी हात फिरवलाय? ओळीने बसवलेले छोटे छोटे चपटे ठोके हाताला लागतात. याला म्हणतात मठारकाम. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी यासाठीच प्रसिद्ध आहे. दिसायला ही नक्षी, पण तिचं खरं काम वेगळंच आहे.

ठोकल्यावर तांबं कडक का होतं?

तांब्याची तार एकदा वाकवा, सहज वाकेल. त्याच जागी पुन्हा वाकवायला गेलात की जड जाईल, आणि वाकवतच राहिलात तर तुटेल. तांब्यातले अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ते मऊ असतं. ठोके बसले की थरांमध्ये गुंता होतो, सरकणं अवघड होतं आणि पत्रा कडक होतो.

म्हणूनच भांडं घडवताना कडक झालेला पत्रा कारागीर मध्येच लाल होईपर्यंत तापवतात. त्याने तो पुन्हा मऊ होतो. ही पायरी चुकवली तर पत्र्याला तडे जातात.

मठार शेवटीच का?

भांड्याचे भाग जोडतानाही आच लागते आणि तांबं मऊ पडतं. असं भांडं जरा आपटलं तरी पोचा येईल. म्हणून आकार आणि जोड पूर्ण झाल्यावर सगळ्यात शेवटी मठार मारतात. ठोक्याशेजारी ठोका बसत जातो आणि पातळ पत्र्यालाही ताकद येते. हातोडीचं तोंड मात्र गुळगुळीत हवं, कारण त्यावरचा ओरखडाही तांब्यावर उमटतो.

मग इतर धातूंचं काय?

पितळेत जस्त असतं, त्यामुळे ते तांब्यापेक्षा लवकर कडक होतं आणि सारखं तापवावं लागतं. भरपूर कथील असलेलं कासं थंड असताना ठोकलं तर तडकतं, म्हणून ते लालभडक असतानाच घडवतात. स्टेनलेस स्टील तर इतक्या झपाट्याने कडक होतं की त्यावर हाताने मठार मारणं फार कष्टाचं.

आता एक महत्त्वाची गोष्ट. मठारलेलं भांडं रिकामंच आचेवर राहून लाल झालं, तर ठोके दिसतील तसेच, पण आतली ताकद गेलेली असेल. तेव्हा बंब पेटवण्याआधी पाणी भरलंय ना, ते नक्की बघा!

तुमच्या घरी आहे का असं मठारलेलं भांडं? कमेंटमध्ये सांगा.