नजर सिक्स बाय सिक्स, तरीही

एका डोळ्यापुढे धुकं दाटतं, डोळा फिरवला की मागे ठणकतं, लाल रंग विटका दिसू लागतो. बहुतेकांचं हे धुकं काही आठवड्यांत विरतं, तक्त्यावरची बारीक ओळ पुन्हा वाचता येते आणि कागदावर नोंद होते, नजर सिक्स बाय सिक्स. डोळ्याच्या नसेला येणारी ही सूज, म्हणजे ऑप्टिक न्यूरायटिस, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या साधारण पाचातल्या एका रुग्णात आजाराची पहिली खूण असते. ती नोंद खोटी नसते, पण तिच्यावर विसंबून 'आता सगळं ठीक आहे' असं रुग्णाला सांगणं मला चुकीचं वाटतं. नजर परतली म्हणून नस बरी झाली असं होत नाही. नसेचं काय झालं ते कळायला डोळ्यापासून मेंदूच्या मागच्या टोकापर्यंतचा अख्खा रस्ता तपासावा लागतो.

हा रस्ता दृष्टिपटलावर सुरू होतो. तिथून निघालेल्या सुमारे दहा लाख तंतूंची मिळून डोळ्याची नस होते. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक तंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, पुढे थॅलॅमसमधल्या एका ठाण्यावर निरोप नव्या पेशींच्या हाती जातो आणि त्या तो डोक्याच्या मागच्या भागात असलेल्या दृष्टिकेंद्रात पोचवतात. वायरवर प्लॅस्टिक असतं तसं नसेतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती तेच कुरतडते. 1972 मध्ये लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडोनल्ड आणि मशिन यांनी ऑप्टिक न्यूरायटिसच्या रुग्णांना बुद्धिबळाच्या पटासारखे उलटसुलट होणारे चौकोन दाखवले आणि डोक्याच्या मागच्या बाजूला उमटणारी विद्युतलहर नोंदवली. निरोगी माणसात ही लहर साधारण 100 मिलिसेकंदांत येते. सूज येऊन गेलेल्या डोळ्याची लहर उशिरा येत होती, आणि नजर सुधारल्यावरही तो उशीर कायम होता. रोजच्या जगण्यात तो जाणवतो. डावी-उजवीकडे सरळ झुलणारा लंबक अशा रुग्णाला लंबवर्तुळात फिरताना दिसू शकतो, कारण एका डोळ्याचा निरोप मागून येतो. या भासाचा उलगडा 1922 मध्ये मांडणारे जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुलफ्रिख यांची एका डोळ्याची दृष्टी गेलेली होती, त्यामुळे त्यांना तो स्वतः पाहता येत नव्हता. रुग्णाला मात्र त्याचा उलगडा नको असतो. त्याला आडवी जाणारी गाडी किती लांब आहे ते कळायला हवं असतं.

उशीर वेष्टणाबद्दल सांगतो, तंतू किती उरले ते ओसीटी सांगते. प्रकाशाने दृष्टिपटलाचे थर मोजणारं हे यंत्र आता मोठ्या नेत्रालयांत सर्रास असतं. दृष्टिपटलावरच्या तंतूंना मायलिन नसतं, त्यामुळे तिथल्या थराची जाडी म्हणजे जवळपास निव्वळ तंतूंचीच मोजदाद. निरोगी डोळ्यात तो सुमारे 100 मायक्रॉनचा असतो. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून 2017 मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार सूज येऊन गेलेल्या डोळ्यात तो सरासरी 20 मायक्रॉनने पातळ होता. मला जास्त अस्वस्थ करतो तो दुसरा आकडा : मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या ज्या डोळ्याला अशी सूज कधी आल्याची नोंदच नव्हती, त्यातही हा थर 7 मायक्रॉनने पातळ होता.

इथे एक रास्त शंका निघते. या आजाराचे डाग मेंदूत कुठेही पडतात; मग दृष्टिपटलावरची झीज आणि मेंदूतली झीज या स्वतंत्र घटना कशावरून नाहीत? याचं सर्वांत बोलकं उत्तर एमआरआय आणि ओसीटी शेजारी ठेवल्यावर मिळतं. काही रुग्णांत मेंदूच्या एका बाजूला, थॅलॅमसपासून मागे जाणाऱ्या दृष्टीच्या तंतूंवर डाग असतो आणि दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा नेमका तेवढाच अर्धा भाग पातळ झालेला असतो, जो त्या बाजूला जोडलेला आहे. नुसती डोळ्याची नस सुजली तर दोन्ही डोळ्यांत अशी मधोमध उभी रेघ आखल्यासारखी झीज होणं अवघड आहे. म्हणजे इजा एका पेशीवरून तिला जोडलेल्या पेशीकडे सरकते, तीही उलट्या दिशेने. फंक्शनल एमआरआयचा पुरावा मी इतक्या ठामपणे मांडणार नाही. नजर सावरलेल्या रुग्णांत, डोळ्यांना प्रकाश दाखवताना, दृष्टिकेंद्राबाहेरचे भागही कामाला लागलेले दिसतात. ही मेंदूने केलेली भरपाई असू शकते किंवा बिघाडाचीच खूण. निव्वळ चित्रावरून ते ठरत नाही.

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा असतो : काचबिंदूनेही थर पातळ होतो, मोठ्या मायनस नंबरनेही होतो, आणि न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळ्याच उपचारांचा आजार तर नसेची जबर हानी करतो. हे खरंच आहे. म्हणूनच एकट्या आकड्यावर निदान करू नये. दोन डोळ्यांतला फरक, एमआरआय आणि गरजेप्रमाणे रक्तातल्या अँटिबॉडी एकत्र पाहाव्यात. पण एवढं मोजून हाती काय लागतं? अमेरिकेत 1988 मध्ये सुरू झालेल्या, 457 रुग्णांच्या चाचणीत याचं उत्तर आहे. ऑप्टिक न्यूरायटिसच्या वेळी मेंदूच्या एमआरआयमध्ये एकही डाग नसलेल्यांना पंधरा वर्षांत मल्टिपल स्क्लेरोसिस होण्याचा धोका 25 टक्के निघाला, निदान एक डाग असलेल्यांना 72 टक्के. नजर बहुतेकांची सुधारली होती. पुढची वाट मात्र वेगळी होती. 2017 मध्ये क्लेमास्टिन या अॅलर्जीच्या जुन्या औषधाची 50 रुग्णांवर चाचणी झाली, तिथेही मोजपट्टी दृष्टीचा हाच रस्ता होता. लहरीचा उशीर प्रत्येक डोळ्यामागे 1.7 मिलिसेकंदांनी घटला. आकडा लहान आहे आणि त्यावरून कुणी दुकानातून गोळ्या आणून घेऊ नयेत, पण झिजलेलं वेष्टण पुन्हा चढू शकतं याचा माणसातला पुरावा म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

त्याच मॅकडोनल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निदानाच्या निकषांत आजाराचं ठिकाण म्हणून डोळ्याच्या नसेला मात्र 2017 च्या सुधारणेतही जागा नव्हती. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित निकषांत आजाराचं पाचवं ठिकाण म्हणून ती आली आहे, आणि तिथली इजा दाखवायला एमआरआयबरोबर ओसीटी आणि विद्युतलहरीची चाचणीही धरली जाते. याच्या जोडीला एक साधा तक्ताही वापरता येतो. पांढऱ्या पाटीवर फिकट करड्या रंगातली, जेमतेम 2.5 टक्के कॉन्ट्रास्टची अक्षरं. काळ्या अक्षरांची शेवटची ओळ सहज वाचणारा डोळा या तक्त्यापुढे कितीदा तरी वरच्या ओळींतच अडतो.