बुद्धिबळाचा अभ्यास

परभणी जिल्ह्यातील उन्हाळ्याची दुपार मोठी कडक असते. अशा वेळी गंगाखेड, सेलू किंवा जिंतूरकडच्या एखाद्या गावी निंबाच्या सावलीत बुद्धिबळाचा पट मांडला, की त्याभोवती चारदोन बघे हमखास जमतात. त्यांतील एखादा मुलगा रोज खेळतो आणि रोज हरतो. महिनेच्या महिने खेळूनही आपला खेळ आहे तेथेच का राहतो, हे कोडे त्याला उलगडत नाही. शेवटी तो स्वतःशीच म्हणतो, "आपल्याला तेवढी बुद्धीच नाही!"

हा समज कितपत खरा आहे? हॉलंडमधील मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. ते स्वतःही उत्तम खेळाडू होते. खऱ्या डावातील एक स्थिती ते खेळाडूंना काही क्षणच दाखवीत आणि मग ती आठवून मांडावयास सांगत. निष्णात खेळाडू बहुतेक सर्व मोहरी बिनचूक मांडीत. नवशिक्यांना मात्र थोडीच आठवत. यावरून निष्णात खेळाडूंची स्मरणशक्तीच विलक्षण असावी, असे कोणासही वाटेल. परंतु १९७३ साली अमेरिकेत विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी एक युक्ती केली. त्यांनी मोहरी पटावर वाटेल तशी विखरून मांडली. तेव्हा निष्णातांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली! म्हणजे त्यांचे बळ निव्वळ स्मरणशक्तीत नव्हते. हजारो डावांच्या अभ्यासाने मोहऱ्यांच्या रचना त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. वाचता येणाऱ्यास शब्द दिसतात, न येणाऱ्यास नुसत्या रेघा दिसतात, तसाच हा प्रकार होय. आणि वाचणे तर प्रत्येकास शिकता येते.

मग हा अभ्यास करावा तरी कसा? पहिले साधन म्हणजे एक साधी वही. पटावरील चौसष्ट घरांपैकी प्रत्येकास नाव असते. उभ्या पट्ट्यांना ए पासून एच पर्यंत अक्षरे आणि आडव्या ओळींना १ ते ८ हे अंक दिलेले असतात. त्यांच्या साह्याने डावातील प्रत्येक खेळी लिहून ठेवता येते. डाव संपला, की तो आठवणीतून निसटतो. लिहिलेला डाव मात्र पुनःपुन्हा तपासता येतो.

दुसरी गोष्ट अशी, की जिंकलेल्या डावापेक्षा हरलेला डाव अधिक शिकवितो. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा मांडावा. नेमके कोठे चुकले, हे प्रथम आपले आपण शोधावे. त्यानंतरच जाणत्या खेळाडूस विचारावे अथवा संगणकाचे साह्य घ्यावे. आधीच उत्तर पाहिले, तर विचार करण्याची सवय लागत नाही.

कित्येक मुले डावाच्या सुरुवातीच्या खेळ्या पाठ करीत बसतात. परंतु पहिली खेळी वीस प्रकारांनी करता येते, आणि दोन्ही पक्षांची एकेक खेळी होताच चारशे निरनिराळ्या स्थिती संभवतात. सारे पाठ करणे कोणास शक्य आहे? म्हणून जगज्जेते कापाब्लांका डावाचा शेवट आधी शिकावा, असे सांगत. शेवटी मोहरी थोडी उरतात. त्यामुळे प्रत्येक खेळीचे कारण स्पष्ट दिसते.

एक उदाहरण पटावर मांडून पाहावे. पांढरा राजा ई ५ वर, पांढरे प्यादे ई ६ वर आणि काळा राजा ई ७ वर आहे. खेळी काळ्याची आहे. काळ्याने राजा सरळ मागे ई ८ वर घेतला, तर डाव बरोबरीत सुटतो. पांढरा राजा डी ६ वर येताच काळा राजा डी ८ वर जाऊन त्याच्या समोर उभा राहतो. प्याद्याने ई ७ वर शह दिला, की तो ई ८ वर परततो. आता प्यादे राखण्यासाठी पांढरा राजा ई ६ वर आला, तर काळ्यास शह नसतो, पण हलण्यास जागाही उरत नाही. हीच बरोबरी. आणि पांढरा राजा दूर गेला, तर प्यादेच मारले जाते. परंतु आरंभी काळा राजा ई ८ ऐवजी डी ८ वर गेला, तर काळ्याची हार होते! एका घराचा एवढा फरक का पडतो, हे ज्याने स्वतः शोधून काढले, तो ते सहसा विसरत नाही.

याखेरीज दोनतीन खेळ्यांत मात करण्याची कोडी रोज थोडी सोडवावी. प्रत्येक खेळीपूर्वी 'प्रतिपक्षाचा बेत काय आहे?' हा प्रश्न मनाशी विचारावा. नवशिक्यांचे पुष्कळसे डाव हा प्रश्न न विचारल्यामुळेच जातात.

महाराष्ट्रास या खेळाची मोठी परंपरा आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनींपैकी वासंती खाडिलकर १९७४ साली राष्ट्रीय महिला स्पर्धेत विजयी झाल्या. त्यांच्या भगिनी रोहिणी १९७६ साली, अवघ्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि १९८१ साली आशियाई महिला विजेत्या ठरल्या. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. खेळास आरंभ मात्र तिने लहान वयातच केला होता.

प्रत्येकास विश्वचषक मिळेल असे नाही. परंतु आपली चूक लपवून न ठेवता ती वहीत लिहिणे, तिचे कारण शोधणे आणि पुन्हा पट मांडणे, हे कोणत्याही गावच्या मुलास जमण्याजोगे आहे. निंबाखालच्या त्या मुलाजवळ बुद्धी नाही असे नव्हे. वही नाही, एवढेच.