सेंटरला मिनिटं किती?

पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर, हा नियम सगळ्यांना सारखा. पण त्याचा जाच सर्वांत जास्त सेंटरला. रिंगखाली घुसणाऱ्या प्रत्येकाला अडवायचं काम त्याचंच. उज्जैनच्या माधवनगरात, म्हणजे फ्रीगंजात, मी ज्या पोरांचा बास्केटबॉलचा सराव बघतो त्यांच्यातला नवा सेंटर सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जास्त वेळ बेंचवर. समोरचा ड्रिबल करत आत आला की हा पाय सरकवत नाही. जागेवरूनच वाकतो, हात खाली येतो, शिट्टी वाजते. "हाथ ऊपर, पैर चला!" सर ओरडतात. (घरात मराठी असली तरी इथे मैदानावर ओरडायचं ते हिंदीतच.)

रिबाउंडलाही तेच. चेंडू रिंगवर आपटेपर्यंत हा वर बघत राहतो. तोवर त्याच्या खांद्याला लागणारा मुलगा पाठ लावून, कंबर मागे रेटून जागा बळकावतो. रिंग ३.०५ मीटरवर, तिथवर पोचणारे हात मग नुसतेच वर राहतात.

त्याला जास्त खेळवावं का? माझ्या मते, हो. पण सामना हातचा गेल्यावर शेवटची दोन मिनिटं उतरवतात, ते खेळवणं नव्हे. तेव्हा जीव तोडून आत कुणी येतच नाही, मग तो अडवायला शिकणार कुणाला? दुसऱ्या क्वार्टरच्या दहापैकी चार मिनिटं सलग द्या आणि एका फाउलवर ओढून बाहेर काढू नका. चुकलं की बेंच, या धाकाने पोरगं अडवायचंच सोडतं.

मैदानातला वेळ घरी बसून भरून निघत नाही, हे सतनामसिंगकडे पाहून कळतं. ७ फूट २ इंचांचा हा पंजाबी सेंटर २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडला. पण एनबीएच्या लीग सामन्यात तो एकदाही उतरला नाही आणि मॅव्हरिक्सच्या दुय्यम संघाकडून, टेक्सास लेजंड्सकडूनही त्याला थोडीच मिनिटं मिळाली. उलट एनबीएचाच जर्मेन ओनील. पोर्टलंडने त्याला चार वर्षं बहुतेक बसवूनच ठेवलं. इंडियानात गेल्यावर तो सहा वेळा ऑलस्टार झाला.

अर्थात सराव हवाच. पुढे नावाजलेल्या सेंटर जॉर्ज मायकनला कॉलेजात वेंधळा म्हणत. प्रशिक्षक रे मायर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, नाचसुद्धा शिकवला. रिंगखाली एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने, न थांबता चेंडू टाकायचा सराव आजही त्याच्याच नावाने ओळखतात. आमचा गडी उजव्याने बरा टाकतो. डाव्याची पाळी आली की पावलं अडखळतात, चेंडू बोर्डाच्या कडेला लागतो आणि तो नकळत पुन्हा उजवा हात पुढे करतो.

चार मिनिटांत त्याने गुण किती केले ते बघू नये. तो खाली उभा आहे म्हणून समोरच्यांनी आत यायचं टाळून लांबूनच शॉट किती वेळा मारला, ते मोजावं. स्कोअरशीटवर त्याला रकाना नाही. बेंचवरच्या एखाद्या पोराच्या हातात वही-पेन्सिल दिली तरी काम भागेल.