व्हॅन कुठेही थांबते, मुक्काम कुठेही करायचा नसतो

वाघोलीत नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये बरेच निवृत्त लोक राहतात. त्यांतल्या कुणी झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन घेऊन हिमालयात जायचं म्हटलं, की खालून पहिला प्रश्न येतो, "काका, या वयात?" घरातून दुसरा, "आणि तेही एकटे?" मला या दोन्हींपेक्षा तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही: रात्री गाडी किती उंचीवर लावणार?

वयाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. साठीनंतर लायसन्स मिळत नाही, हे खरं नाही. मोटार वाहन कायद्यात लायसन्ससाठी वयाची वरची मर्यादा नाही. पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, इतकंच. मुदत संपून वर्ष उलटलं, तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. म्हणून निघण्यापूर्वी लायसन्सवरची तारीख बघा.

गाडीचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. 'जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये घर करून घ्यायचं' हा बेत अनेकांच्या मनात असतो. कायद्याचं कलम 52 अशा फेरफारांना मोकळीक देत नाही. मूळ रचनेत मनाने बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये स्पष्ट केलं. खासगी वापराच्या कॅम्परव्हॅनची नोंदणी होऊ शकते, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. पण तो रस्ता आरटीओतून जातो. नोंद नसलेल्या फेरफारामुळे अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. मागची सीट घडी करून त्यावर गादी टाकणं वेगळं आणि सीट उखडून ओटा बसवणं वेगळं.

आता उंची. 'मी दर रविवारी सिंहगड चढतो, मला काही होणार नाही', हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि दर वेळी काळजी वाटते. सिंहगड सुमारे 1,300 मीटर, कळसूबाई 1,646. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो आणि दमसास चांगला असला म्हणून तो टळत नाही. तरुण, तगडे लोक घाईने वर जातात आणि आजारी पडतात. नुसतं वय जास्त म्हणून हा त्रास जास्त होतो असंही नाही. हृदयाचं, फुप्फुसाचं दुखणं किंवा चालू गोळ्या यांचा विचार मात्र डॉक्टरांकडे बसून करावाच लागतो.

शरीराला सगळ्यात जास्त फरक पडतो तो झोपण्याच्या उंचीने. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. हॉटेलात उतरणारा निदान गावात थांबतो. व्हॅनवाला मात्र दिसेल त्या माळावर गाडी लावू शकतो, आणि तीच सोय अंगाशी येते. 2020 मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौल अगदी जवळ आलं. सकाळी 2,050 मीटरवरच्या मनालीतून निघालेला माणूस संध्याकाळी सरचूला पोचतो, म्हणजे जवळपास 4,300 मीटरवर. तिथे पथारी पसरणं चूक. केलाँग किंवा जिस्पाला दोन रात्री काढा. त्याहून बरं, श्रीनगर-कारगिलमार्गे 3,500 मीटरवरच्या लेहला जा. तो चढ शरीराला जास्त मानवतो.

कापराची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तात काही फरक पडत नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर उपाय एकच: ताबडतोब खाली उतरायचं. पण अशा अवस्थेत एकट्याने घाट उतरवू नये. शेजारच्या ढाब्यावरचा माणूस, ट्रकवाला, लष्कराची चौकी, जे जवळ असेल त्यांना उठवा.

दुसरा धोका गाडीच्या आत असतो. थंडी वाजते म्हणून काचा लावून शेगडी पेटती ठेवायची किंवा शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून आत घ्यायचे, यात माणसं झोपेतच गेली आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्याची पहिली लक्षणं म्हणजे डोकेदुखी आणि मळमळ, आणि विरळ हवेचीही तीच. त्यामुळे 'उंचीमुळे होतंय' म्हणत माणूस पांघरूण ओढून घेतो. सोबतीला हलवून उठवणारं कुणी नसतं. या वायूचा अलार्म उशाजवळ हवाच. काच बोटभर उघडी ठेवली तरी भागत नाही. झोपण्याआधी आतलं जळणारं सगळं विझवायचं. थंडीसाठी चांगली स्लीपिंग बॅग घ्या.

उतारावर न्यूट्रल टाकला की डिझेल वाचतं, हा गैरसमज आपल्या घाटांतही दिसतो. आजच्या इंजिनात गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. खालचा गिअर टाकून उतरायची सवय माळशेज घाटात करून घ्या. एक-दोन रात्री भंडारदऱ्याला काढल्या की गाडीत काय कमी आहे तेही कळतं. मात्र वनखात्याच्या हद्दीत विचारल्याशिवाय मुक्काम नको. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, म्हणून मोकळं रान मिळालेलं नाही.

राहिला एकटेपणा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. आणि कित्येक टापूंत तेही मुकं होतं. म्हणून घरच्या एका माणसाकडे रोजच्या मुक्कामाचं ठिकाण, गाडीचा नंबर आणि पुढच्या पोलीस ठाण्याचा फोन लिहून ठेवा, आणि किती तास निरोप आला नाही तर तो फोन लावायचा, हे निघण्याआधीच ठरवा.