पदवी घरबसल्या मिळेल. अनुभव कोठून आणणार?

पदवी परीक्षांचे निकाल लागले की जाहिरातींचा पूर येतो. नोकरी न सोडता, गाव न सोडता, संगणकासमोर बसून दोन वर्षांत पदव्युत्तर पदवी मिळवा, असे आवाहन त्यांत असते. अशा पदव्यांच्या यादीत अलीकडे न्यायसहायक मानसशास्त्र या विषयाचे नाव ठळकपणे दिसू लागले आहे. तरुण मंडळींना, विशेषतः मुलींना, या विषयाचे मोठे आकर्षण वाटते. ते गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. गुन्हा का घडतो, माणूस खोटे का बोलतो, अत्याचार सोसलेले मूल गप्प का राहते, हे जाणून घेण्याची इच्छा सुसंस्कृत समाजाला भूषणावहच आहे. परंतु या विद्येच्या आधारे दिलेल्या अभिप्रायावर उद्या एखाद्या माणसाचे स्वातंत्र्य, क्वचित त्याचा प्राणही अवलंबून राहणार असेल, तर ती विद्या कोठे आणि कशी संपादन केली, हा प्रश्न केवळ विद्यार्थ्याचा राहत नाही. तो साऱ्या समाजाचा होतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांतून दिसणारा, संशयिताच्या डोळ्यांत रोखून पाहताच सत्य ओळखणारा मनकवडा तज्ज्ञ या शास्त्रात अस्तित्वात नाही. या शास्त्राचा आरंभच मुळी मानवी मनाच्या मर्यादा ओळखण्यातून झाला. हार्वर्ड विद्यापीठातील मूळचे जर्मन प्राध्यापक ह्यूगो मुन्स्टरबर्ग यांनी १९०८ मध्ये साक्षीदाराच्या पिंजऱ्यावर ग्रंथ लिहिला आणि प्रामाणिक साक्षीदाराची स्मृतीही त्याला फसवू शकते, हे न्यायालयांच्या ध्यानी आणून दिले. त्या वेळी कायदेपंडितांनी त्यांची थट्टा केली. पण १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवून केलेला प्रयोग आज अभिजात मानला जातो. मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता, असा प्रश्न एका गटाला केला. दुसऱ्या गटाला 'धडकल्या' असा सौम्य शब्द वापरून तोच प्रश्न केला. आठवड्याने दोन्ही गटांना विचारले, फुटलेली काच पाहिली काय? पहिल्या गटातील ५० पैकी १६ जणांनी होकार दिला, दुसऱ्या गटातील ५० पैकी ७ जणांनी. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच! प्रश्नातील एका शब्दाने न पाहिलेली वस्तू स्मृतीत आणून बसवली. पोलीस ठाण्यात रात्री-अपरात्री जबाब नोंदवणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग ध्यानात ठेवावा, एवढे त्याचे महत्त्व आहे.

आपल्या देशात या शास्त्राची निकड आहे काय? आहे, आणि ती दिवसेंदिवस वाढत आहे. कृत्य करतेवेळी आरोपीचे मन ठिकाणावर होते काय, हा जुन्या दंडसंहितेच्या कलम ८४ मधील प्रश्न १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून कायम आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाकडून अतिगंभीर गुन्हा घडल्यास त्याची मानसिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि गुन्ह्याची परिस्थिती यांचे प्राथमिक मूल्यमापन करण्याची जबाबदारी बाल न्याय मंडळावर टाकली. त्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालावा की नाही, याचा मार्ग या मूल्यमापनातून ठरतो. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मनोविकारशास्त्राचा व्यावसायिक जाणकार नसेल, तर बाहेरच्या तज्ज्ञाचे साहाय्य घेणे ऐच्छिक नसून बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, फाशीची शिक्षा देण्याचा विचार करताना आरोपीच्या मानसिक स्थितीचा अहवाल न्यायालयासमोर आला पाहिजे, असेही त्याच न्यायालयाने सांगितले. न्यायालये तज्ज्ञ मागत आहेत. ते तयार करण्याची जबाबदारी मात्र कोणी अंगावर घेतलेली दिसत नाही.

आणि अर्धवट तज्ज्ञ किती घातक ठरतो, याचाही धडा आपल्याला मिळून चुकला आहे. सत्य बाहेर काढण्याचे यंत्र म्हणून नार्को चाचणी, खोटे पकडणारे यंत्र आणि मेंदूतील विद्युत-लहरींचे आलेख यांचा काही वर्षे मोठा गाजावाजा झाला. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात अशा आलेखाचाही आधार घेतला, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला की, कोणावरही त्याच्या संमतीवाचून अशा चाचण्या लादता येणार नाहीत. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येणार नाही, हे राज्यघटनेच्या विसाव्या कलमातील अभिवचन मनाच्या गाभाऱ्यापर्यंत लागू आहे, असा त्याचा अर्थ. गोमंतकीयांना या अभिवचनाचे मोल वेगळे सांगावयास नको. आग्वादच्या ज्या कोठड्यांत स्वातंत्र्यसैनिकांना डांबले गेले, त्या आज प्रेक्षणीय स्थळ झाल्या आहेत. पण सत्तेला माणसाच्या शरीराइतकाच त्याच्या मनावरही ताबा हवा असतो, ही त्या भिंतींची शिकवण जुनी झालेली नाही. परकी सत्ता गेली म्हणून हा मोह गेला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. मनाचे शास्त्र जाणणारा माणूस या मोहाचे हत्यार बनणार की त्याला आवर घालणार, हे त्याच्या शिक्षणावर आणि शीलावर अवलंबून आहे.

घरबसल्या शिक्षणाची आम्ही चेष्टा करू इच्छित नाही. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाल्यापासून लग्नानंतर शिक्षण तुटलेल्या स्त्रियांनी, कारकुनांनी, शिपायांनी, दुर्गम गावांतील शिक्षकांनी जे मिळवले, ते विद्यापीठाच्या दगडी इमारतींनी त्यांना कधीच दिले नसते. काणकोणच्या किंवा सत्तरीच्या एखाद्या मुलीला घरच्या जबाबदाऱ्या टाकून गांधीनगरला अथवा दिल्लीला दोन वर्षे राहणे शक्य नसेल, तर तिने विद्येची आशाच सोडावी काय? शिवाय या विषयातील बराचसा भाग, म्हणजे कायद्याची तत्त्वे, स्मृतीचे व वर्तनाचे सिद्धांत, संख्याशास्त्र, संशोधनाची पद्धत, चांगल्या शिक्षकाकडून दुरूनही शिकता येतो. पोलीस उपनिरीक्षकाने, वकिलाने, तुरुंगाधिकाऱ्याने, बालगृहाच्या अधीक्षिकेने आपापली नोकरी सांभाळून एवढे जरी आत्मसात केले, तरी त्यांच्या कामात मोठा फरक पडेल.

परंतु पोहण्याचे पुस्तक तोंडपाठ केल्याने मांडवी पार करता येत नाही. भेदरलेल्या मुलासमोर बसून, त्याच्या तोंडी आपले शब्द न घालता त्याला बोलते करणे. वेडाचे सोंग आणि खरा आजार यांतील भेद ओळखणे. उलटतपासणीत वकिलाने कोंडीत पकडले असता 'हे मला सांगता येणार नाही' असे निर्भयपणे म्हणणे, या गोष्टी पडद्यावरील व्याख्यानांतून येत नाहीत. त्या अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली, चुका सुधारत शिकाव्या लागतात. ब्रिटनने हे कायद्यानेच मान्य केले आहे. तेथे २००९ पासून 'न्यायसहायक मानसशास्त्रज्ञ' ही उपाधी संरक्षित असून नियामक परिषदेच्या नोंदपटात नाव असल्याखेरीज ती कोणाला लावता येत नाही. आणि पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचा टप्पा पूर्ण केल्याखेरीज नाव नोंदले जात नाही. अमेरिकेतही स्वतंत्रपणे असा व्यवसाय करण्यास सामान्यतः डॉक्टरेट व राज्याचा परवाना लागतो. म्हणजे ज्या देशांतून या घरबसल्या पदव्या आपल्याकडे येतात, त्या देशांतच केवळ पदवीवर कोणी तज्ज्ञ होत नाही. जाहिरातीत ही गोष्ट बारीक अक्षरांतही आढळत नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने याबाबत कठोर पाऊल उचलले. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम, त्यांत मानसशास्त्रही आले, २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असा आदेश त्याने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. बाजारू संस्थांना लगाम बसावा हा हेतू योग्यच आहे. पण सुक्याबरोबर ओलेही जळावे, असा हा प्रकार झाला. ज्यांना उपचार करावयाचे नाहीत, केवळ विषय शिकावयाचा आहे, त्यांच्यासाठी सिद्धांत दुरून आणि प्रात्यक्षिक समक्ष, अशी मिश्र वाट मोकळी ठेवता आली असती. देशातील दार बंद आणि परदेशी पदव्यांच्या जाहिराती मात्र खुल्या, ही स्थिती विद्यार्थ्याला अधिकच आडवाटेला नेणारी आहे.

तेव्हा प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काही रोखठोक प्रश्न विचारावेत. ही पदवी भारतात समकक्ष मानली जाईल काय, आणि तसे लेखी मिळेल काय? प्रत्यक्ष कामाचे किती तास, कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली? ही पदवी घेतल्यावर 'चिकित्सक मानसशास्त्रज्ञ' म्हणून नोंद होईल, की त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला वेगळा अभ्यासक्रम करावा लागेल? या प्रश्नांवर गोलमाल उत्तर मिळाले, तर पैसा गाठीशीच ठेवावा हे उत्तम. शिकण्याच्या आनंदासाठी कोणी ती पदवी घेत असेल तर खुशाल घ्यावी. मात्र घराच्या दारावर तज्ज्ञाची पाटी लावू नये.

राज्य सरकारलाही आमचे सांगणे आहे. २०२० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे संकुल आज फोंड्याजवळ कुर्टी येथे आहे. बांबोळीस मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. कोलवाळला मध्यवर्ती कारागृह, मेरशीला 'अपना घर', वेर्ण्याला न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. २००३ च्या गोवा बाल कायद्याने बाल न्यायालय दिले, तेही या चिमुकल्या राज्याने इतरांच्या आधी. मोठ्या राज्यांत शेकडो मैलांवर विखुरलेल्या संस्था येथे एका दिवसाच्या प्रवासात सामावतात. या सर्वांनी मिळून एक वर्षाची, वेतनासह, देखरेखीखालील उमेदवारी का सुरू करू नये? वर्षाला दहा उमेदवार निवडले, तरी काही वर्षांत बाल न्याय मंडळांना, न्यायालयांना आणि कारागृहाला हाताशी असणारे, मराठी-कोंकणीतून बोलणारे तज्ज्ञ मिळतील. घाबरलेले मूल आपली व्यथा आपल्या भाषेत सांगते, आणि दुभाष्याच्या तोंडून ती अर्धीच पोहोचते, हा मुद्दाही लहान नाही.

बाल न्याय मंडळासमोर उद्या कोणा गरीब घरचे सोळा वर्षांचे पोर उभे राहील. त्याचे पुढील आयुष्य बालगृहाच्या सुधारणेत जावे की सत्र न्यायालयाच्या वाटेने जावे, हे काही अंशी एका मानसशास्त्रज्ञाच्या चार पानी अहवालावर ठरेल. तो अहवाल लिहिणाऱ्या हाताने त्यापूर्वी किती मुलांचे ऐकून घेतले होते, एवढे विचारण्याचा अधिकार त्या पोराला आणि त्याच्या आईला आहे. त्याचे समाधानकारक उत्तर देता येईल अशी व्यवस्था उभी करणे हे सरकारचे आणि विद्यापीठांचे कर्तव्य आहे.