‘पद्मा’, ‘पद्मावती’, ‘पद्मिनी’ : एका पुष्पनामाचा विस्तार

भारतीय भाषांत पुष्पवाचक स्त्रीनामे विपुल आहेत. परंतु ‘पद्म’ या शब्दापासून सिद्ध झालेल्या नामांइतका दीर्घ वाङ्मयीन प्रवास फार थोड्या नामांना लाभला आहे. ‘पद्मा’ हे लघुरूप आणि ‘पद्मावती’, ‘पद्मिनी’ ही दीर्घरूपे व्यवहारात एकाच नावाची मानली जातात. सूचिकार आणि अनुवादक यांनीही अनेकदा ती परस्परांच्या जागी वापरली आहेत. ही अदलाबदल कितपत निर्दोष आहे, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘पद्मा’ म्हणजे नुसते कमळ नव्हे. ते लक्ष्मीचे नाव होय. अमरकोशात ते ‘पद्मालया’ आणि ‘कमला’ यांच्या सोबतीने येते. ‘पद्मावती’ म्हणजे जिच्यापाशी पद्मे आहेत ती. ‘पद्मिनी’ची घडण निराळी आहे. पुष्करादी शब्दांना पाणिनीने स्थलवाचक अर्थी जो प्रत्यय सांगितला आहे, त्यानुसार पद्मिनी म्हणजे कमळांचे सरोवर. आणि त्याच ओघात कमळवेल. तात्पर्य, एक रूप देवतेचे, दुसरे पद्मे धारण करणारीचे आणि तिसरे पद्मे जेथे उगवतात त्या जलाशयाचे आहे.

कन्येचे नाव कसे असावे याविषयी शास्त्रकारांत एकवाक्यता नाही. पारस्कर गृह्यसूत्राला स्त्रीनाम विषमाक्षरी आणि आकारान्त हवे असते. ही कसोटी लावल्यास दोन अक्षरांची ‘पद्मा’ आणि चार अक्षरांची ‘पद्मावती’ दोन्ही बाद होतात. ‘पद्मिनी’ त्र्यक्षरी असूनही ईकारान्त असल्यामुळे गळते. या कुळातील ‘कमला’ तेवढी उत्तीर्ण होते. मनूची अपेक्षा सौम्य आहे : नाव उच्चारास सुलभ, मनोहर, मंगल आणि दीर्घस्वरान्त असावे. या निकषावर तिन्ही रूपे टिकतात. मात्र वधूची निवड सांगताना मनू नक्षत्र, वृक्ष, नदी, सर्प इत्यादींची नावे धारण करणाऱ्या कन्या वर्ज्य ठरवितो. वंगभूमीत पद्मा ही नदी आहे, आणि सर्पदेवता मनसा हीही ‘पद्मा’ व ‘पद्मावती’ या नावांनी ओळखली जाते. तरीही तेथे हे नाव मागे पडले नाही. लोकरूढीने शास्त्रमतावर मात केल्याचे हे बोलके उदाहरण होय.

वाङ्मयात या रूपांतील भेद अधिक स्पष्ट होतो. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्ता’तील पद्मावती ही मगधराजकन्या एक निश्चित व्यक्ती आहे. ‘कथासरित्सागरा’तील वेताळकथेत नायिका मस्तकी कमळ ठेवून आपले ‘पद्मावती’ हे नाव न बोलता सुचविते. ‘गीतगोविंदा’च्या आरंभीची पद्मावती ही जयदेवाची पत्नी की साक्षात लक्ष्मी, याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, नाम देवतेचेही आणि मानवी स्त्रीचेही असल्यामुळेच तो वाद संभवतो.

‘पद्मिनी’ची गोष्ट वेगळी. कोक्कोकाच्या ‘रतिरहस्या’त ती स्त्रियांच्या चार जातींपैकी श्रेष्ठ जातीची संज्ञा आहे. जायसीच्या ‘पद्मावत’ (सुमारे १५४०) काव्यात राघवचेतन अलाउद्दीनापुढे या जातींचे वर्णन करतो. तेथे पद्मावती हे नायिकेचे नाव, तर पद्मिनी हा तिचा प्रकार आहे. पुढील कथनांत हा प्रकारच नाव होऊन बसला. १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॉडच्या राजस्थानविषयक ग्रंथातही ती याच नावाने येते. गिरीश कर्नाड यांनी ‘हयवदन’ (१९७१) या कन्नड नाटकात मूळ कथेतील मदनसुंदरीला ‘पद्मिनी’ केले, तेव्हा या संज्ञेतील जातिवाचक छटा त्यांच्या उपयोगी पडली. ‘पद्मावती’ या नावाने हा परिणाम साधला नसता.

आधुनिक काळात लघुरूपाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळालेली दिसते. मराठीत ‘आकाशवेडी’ (१९६८) या संग्रहाच्या कवयित्रीचे पूर्ण नाव पद्मावती. वाङ्मयात मात्र त्या पद्मा गोळे म्हणूनच परिचित आहेत. राजकन्या आणि देवता यांच्या परंपरेचे ओझे ‘वती’बरोबर उतरते आणि उरते ते घरातल्या हाकेचे नाव. येथे लघुरूप हे दीर्घरूपाचा तुटलेला अंश राहत नाही; ते एका लेखिकेची स्वतःची मुद्रा बनते.

एका स्वरानेही किती अंतर पडते, हे अलीकडेच दिसून आले. २०१७ मध्ये वादाच्या भोवऱ्यात सापडलेला ‘पद्मावती’ हा हिंदी चित्रपट जानेवारी २०१८ मध्ये ‘पद्मावत’ या नावाने प्रदर्शित झाला. अन्त्य ईकार गेला आणि शीर्षक व्यक्तीवरून काव्याकडे वळले. यास्तव अनुवादकाने व सूचिकाराने या नामरूपांना केवळ पर्याय समजू नये. मूळ संहितेत जे रूप असेल तेच राखावे. कारण त्या रूपावरूनच समोर व्यक्ती आहे, देवता आहे, की स्त्रीला बसविलेला एक साचा आहे, याचा निर्णय होतो.